पायटीझेड काढून झोनइन्फो टाकलं आणि २३ मिनिटं सापडली

मी नाशिकला असतो, द्राक्ष एक्स्पोर्ट करणाऱ्या एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पायथन आणि जँगो (पायथनमध्ये वेब अॅप बनवायचा तयार साचा). जँगो ५ वर जायचं होतं आणि त्यात पायटीझेडचा, म्हणजे ठिकठिकाणचे टाइमझोन सांभाळणाऱ्या जुन्या पायथन लायब्ररीचा सपोर्टच काढलाय, ४ मध्ये निदान जुनं चालू ठेवायची एक सेटिंग तरी होती. तेच काम करणारं झोनइन्फो तर पायथन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून सोबतच येतं. सीझनमध्ये कोडला हात लावायचा नाही हा आमचा नियम, म्हणून ऑक्टोबर छाटणी चालू होती, पॅकहाऊस बंद होतं, तेव्हा काम काढलं.

आधी सगळीकडे पायटीझेडची लोकलाइज (वेळेला झोन लावणारं) आणि नॉर्मलाइज (बेरीज-वजाबाकीनंतर झोन दुरुस्त करणारं) ही फंक्शन्स शोधली, कारण झोनइन्फोत ही दोन्ही नाहीत, टाइमझोन सरळ डेटटाइमला, म्हणजे पायथनमधल्या तारीख-वेळेला लावायचा. हे शोधताना डिस्पॅच रिपोर्टच्या कोडमध्ये एक ओळ दिसली, वेळेत २३ मिनिटं मिळवलेली, कमेंट काही नाही. बराच वेळ डोकं चालेना, २३च का? मग वजनाच्या फॉर्मचा कोड बघितला. तिथे पायटीझेडचा झोन लोकलाइज न करता थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोला (झोन ठेवायच्या जागेला) दिलेला, आणि तसं केलं की पायटीझेड एशिया/कोलकाता या भारताच्या झोनची यादीतली सगळ्यात जुनी वेळ उचलतं, कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) पुढे ५ तास ५३ मिनिटं. आपली ५:३०. म्हणजे सकाळी १० ला तोललेले क्रेट ९:३७ ला दिसायचे, आणि आधीच्या कोणीतरी मूळ न शोधता रिपोर्टमध्ये ठिगळ लावलेलं. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण माल तोडल्यापासून प्रीकूलिंगला (साठवणीआधी थंड करायला) जाईपर्यंत किती वेळ गेला यावर द्राक्षाचा टिकाऊपणा ठरतो आणि तो हिशोब आम्ही याच वेळांवरून करत होतो.

दुसरी गोष्ट टेस्टने पकडली. रॉटरडॅमला कंटेनर २९ मार्च २०२५ च्या रात्री १० ला आत, ३० ला सकाळी ६ ला बाहेर. त्या रात्री युरोपात घड्याळ २ चं ३ होतं, म्हणजे खरे तास ७. पायटीझेडने ७ दिले, झोनइन्फोने ८, कारण दोन्ही वेळांचा झोन एकच असला की पायथन नुसतं भिंतीवरचं घड्याळ वजा करतं. आपल्याकडे घड्याळ हलत नाही म्हणून हे पटकन लक्षात येत नाही, पण द्राक्षाचा सीझन नेमका मार्चच्या त्या शेवटच्या रविवारावरून जातो. आता वजाबाकी करायच्या आधी दोन्ही वेळा यूटीसीत नेतो, कुठेही.

वजनकाट्याजवळचा पीसी विंडोजचा, तिथे झोन सापडत नाही म्हणून एरर आली, झोनची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेज टाकल्यावर गेली.

जुना डेटा मात्र दोन दिवस खाऊन गेला. एक्सेलमधून आलेल्या नोंदी बरोबर होत्या, फॉर्ममधल्याच चुकलेल्या, त्यामुळे सोर्स बघून तेवढ्याच २३ मिनिटं पुढे केल्या आणि रिपोर्टमधली ती ओळ काढली. मग पॅकहाऊसला जाऊन सुपरवायझर दादांसोबत बसलो, त्यांचं गेटचं हाताने लिहिलेलं रजिस्टर उघडलं आणि फेब्रुवारीचा एक अख्खा दिवस गाडीगणिक मिळवून बघितला. जुळला.