नुसतं ‘हं’

समोरासमोर बसून कुणी ‘हं’ म्हणालं तर त्याचे दहा अर्थ होतात आणि दहाही कळतात. पुढे बोल. पटलं नाही. ऐकतोय. ऐकत नाहीये. आता पुरे. सूर वर गेला, खाली आला, लांबला की मध्येच तुटला, एवढ्यावर सगळं ठरतं. तोच ‘हं’ चॅटमध्ये उतरतो तेव्हा डोक्यावरचा एक टिंब सोडला तर त्याच्या अंगावर काहीच नसतं. मग वाचणारा सूर शोधतो तो घड्याळात. लगेच आला का? वीस मिनिटांनी आला का? निळ्या खुणा उमटल्यावर तासाभराने आला असेल तर मात्र तो ‘हं’ नसून आरोपपत्र असतं.

याला वेडेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. दहा भाषांमधली बोलणी मोजून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एक साधा शब्द मनात जुळवून तोंडावर आणायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो. थोडक्यात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तराला लागलेलो असतो. जरा उशीर झाला, अर्ध्या-पाऊण सेकंदाचा, की ऐकणाऱ्याला ‘नाही’ची चाहूल लागते. इतक्या नाजूक तराजूवर वाढलेला कान घेऊन आपण चॅटमध्ये येतो. तिथला उशीर मिनिटांत आणि तासांत मोजायचा असतो. माप बदललं, तराजू तोच राहिला.

सुरुवातीला असं नव्हतं. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणकव्यवस्थेवर ‘टॉकोमॅटिक’ नावाचा गप्पांचा प्रोग्राम आला. त्यात अक्षर टाइप झालं की ते तत्क्षणी सगळ्यांना दिसायचं. कुणी शब्द लिहून खोडला तर खोडलेलाही दिसायचा. चाचरणं, अडखळणं, विचार बदलणं, सगळं उघड्यावर. फिनलंडमध्ये १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही इंटरनेटवरच्या गप्पांची व्यवस्था तयार केली, त्यात ओळ पूर्ण करून एंटर दाबल्यावरच ती पलीकडे जायची. तेव्हापासून चॅटमध्ये माणूस तयार वाक्य घेऊन येतो. मधली धडपड पडद्याआड.

तिची उणीव भासत असावी, कारण पुढे तिची एक बारीकशी सावली परत आणली गेली: ‘टायपिंग…’. ही सावली फसवी आहे. तुमची अक्षरं पलीकडे जात नाहीत. अ‍ॅप फक्त दोन निरोप धाडतं, ‘लिहितोय’ आणि ‘थांबला’. पाच मिनिटं ‘टायपिंग’ दिसून शेवटी ‘ओके’ आलं, तर मधल्या काळात एक मोठं पत्र लिहून पुसलं गेलं असेल. किंवा माणसाने चौकटीत दोन अक्षरं टाकून दुसरीकडे पाहिलं असेल, परत येऊन आणखी दोन टाकली असतील. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आपण मात्र पत्रच धरून चालतो, आणि त्यातला मजकूरही मनातल्या मनात लिहून मोकळे होतो.

खुणांचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर एक राखाडी खूण म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला. फोन बंद, नेटवर्क नाही, विमान मोड चालू किंवा तुम्हाला ब्लॉक केलंय, यातलं काहीही असू शकतं. दोन राखाडी म्हणजे फोनवर पोचला. निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या, आणि त्यांचा खरा अर्थ ‘वाचलं’ असा नसून ‘चॅट उघडलं गेलं’ एवढाच आहे. संगणकावर चॅट उघडं ठेवून माणूस उठून गेला तरी खुणा निळ्या होतात. उलट वरून ओढलेल्या नोटिफिकेशनमध्ये अख्खा मजकूर वाचला तरी त्या राखाडीच राहतात. वाचल्याची खूण सेटिंगमधून बंद करता येते, पण मग दुसऱ्यांचीही दिसत नाही. ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही. तिथे सगळ्यांनी उघडल्यावरच निळा रंग चढतो. मेसेज दाबून धरला आणि ‘इन्फो’मध्ये गेलं की कुणी कधी पाहिला त्याची वेळेसकट यादी मिळते. ही यादी उघडायची सवय लागली की मैत्रीचं हजेरीपुस्तक होतं. व्हॉइस मेसेजचा माइक मात्र ऐकल्यावर निळा होतोच, सेटिंग काही असो. त्याला लाज नाही.

आता अशा या मंडळींच्या मध्ये एखादी ताजी बातमी येऊन पडते. मित्रांच्या ग्रुपमध्ये बातमीवरून भांडण झालं असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर बहुतेक वेळा बातमीबद्दल सगळ्यांचं साधारण एकमतच असतं. पेटलेलं असतं ते दुसऱ्याच कशावरून: कोण आधी बोललं, कोण गप्प बसलं, कुणी कशाच्या खाली काय टाकलं.

सुरुवात बहुधा ‘बातमी ऐकली का?’ने होते. कोणती, ते सांगितलेलं नसतं. मग प्रत्येकाच्या मनात वेगळी बातमी आणि पहिली तीन उत्तरं तीन वेगळ्या घटनांना. किंवा नुसता दुवा येतो, खाली अक्षर नाही. दुवा टाकणारा चिडलाय, हसतोय की घाबरलाय हे ज्याने त्याने ठरवायचं. दुव्यासोबत एक ओळ लिहिली, ‘हे खरं वाटत नाही, कुणी तपासलंय का?’ एवढी जरी, तरी पुढचा अर्धा तास वाचतो. दुव्याखाली दिसणारी चौकट, म्हणजे चित्र आणि मथळा, पाठवणाऱ्याच्या फोनने त्या क्षणी उचललेली असते. मूळ पानावर मथळा नंतर बदलला तरी चौकटीत जुनाच राहतो. दुपारी एकाने चौकट वाचलेली, संध्याकाळी दुसऱ्याने पान उघडलेलं. दोघे एकाच बातमीवर बोलतायत असं दोघांनाही वाटतं.

स्क्रीनशॉट तर त्याहून वाईट, कारण कापताना पहिली जाते ती तारीख. तीन वर्षांपूर्वीचा मथळा आज टाकला तर मथळ्यातला शब्द न् शब्द खरा असतो आणि तरी बातमी खोटी ठरते. तपासायला पाच मिनिटं पुरतात. मथळा जसाच्या तसा शोधायचा. पान सापडलं की आधी तारीख पाहायची, पुष्कळदा ती पानाच्या पत्त्यातच असते. फोटो असेल तर उलट प्रतिमा-शोधात, म्हणजे फोटोवरून तो आधी कुठे आलाय ते शोधणाऱ्या सोयीत, टाकायचा. व्हिडिओ असेल तर ज्यात पाटी, गाडीची नंबरप्लेट किंवा इमारत स्पष्ट दिसते त्या क्षणी व्हिडिओ थांबवून त्याचा स्क्रीनशॉट तसाच शोधायचा. हातात दहा ठिकाणचे दुवे आले म्हणून बातमी दहापट पक्की होत नाही. दहाही जणांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर उचलला असेल तर ती एकच साक्ष. आणि पहिल्या तासातले आकडे कच्चे असतात. मूळ वाक्यात ‘किमान’ हा शब्द असतो, तो तिसऱ्या हातापर्यंत गळतो. संध्याकाळी आकडा बदलला की ‘लपवाछपवी चाललीय’ म्हणायला तेवढंच निमित्त.

फॉरवर्डवर अ‍ॅपने लगाम घातलाय तो याच घाईमुळे. जानेवारी २०१९ पासून जगभर एका वेळी फार तर पाच चॅटना पुढे पाठवता येतं. पाच किंवा जास्त चॅटमधून फिरून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गळून पडतो आणि दोन हजार हात फिरलेलं वाक्य मित्राचं स्वतःचं वाटायला लागतं. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण आता बोटाला आणि काचेला लावायला हरकत नसावी.

चूक झाल्यावर काय करायचं, इथे तर भलेभले घसरतात. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. दोन्ही सोयी टायपिंगच्या चुकांसाठी ठीक, बातमीच्या चुकीसाठी निरुपयोगी. दुरुस्तीची सूचना कुणाला जात नाही. ज्यांनी वाचलंय ते परत वर जाऊन वाचत नाहीत. पुढे पाठवलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. पुसल्यावर ‘हा मेसेज पुसला आहे’ अशी पाटी मात्र उरते आणि तिच्याभोवती नवी चर्चा जमते. त्यापेक्षा जुन्या मेसेजला रिप्लाय करून ‘हे चुकीचं होतं, खरं असं आहे’ हे नव्याने लिहिलेलं बरं. ते सगळ्यांच्या पुढ्यात येतं. थोडी लाज वाटते, तेवढी चालते.

रिप्लायचा विषय निघालाच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९५ मध्ये सहकाऱ्यांसह लोकांच्या मोकळ्या गप्पा पाहिल्या, तेव्हा एका बोलण्यात साधारण चारच जण टिकतात, पाचवा आला की घोळका फुटून दोन होतात असं त्यांना आढळलं. खोलीत हे आपोआप घडतं, खुर्ची सरकवावी लागते फार तर. ग्रुपमध्ये बारा जण एकाच भिंतीवर लिहीत असतात, फुटायला जागाच नाही. एका बाजूला बातमीवर हळहळ, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी चार्जर सापडत नाहीये. ‘अरेरे, गेलं वाटतं’ हे त्यातल्या कशाला उद्देशून आहे हे कळायला मेसेज उजवीकडे सरकवून रिप्लाय करण्याची अर्ध्या सेकंदाची तसदी घ्यावी लागते. दोघे एकाच वेळी लिहीत असले की उत्तरं एकमेकांना ओलांडून जातात आणि तुमचा ‘हो’ नेमका भलत्याच प्रश्नाखाली जाऊन बसतो. मूळ मेसेजच्या शेपटीला धरून बोललं की तो भरकटत नाही.

प्रतिक्रियेचा अंगठा मला अजून उलगडलेला नाही. दुःखाच्या बातमीवर अंगठा म्हणजे वाचलं, की आवडलं? ओझरत्या बोटाने चुकून हसरा चेहरा लागला तर त्याची सूचना फक्त लिहिणाऱ्याला जाते, बाकीच्यांचं सहसा तिकडे लक्षही जात नाही. म्हणजे जखम एकालाच, आणि तीही मुक्याने.

पूर्णविरामाची गोष्ट आणखी गमतीची. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की एका शब्दाच्या टेक्स्ट-उत्तरापुढे पूर्णविराम असला तर तो वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचा वाटतो. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर असेल तर फरक पडत नाही. मराठीत याची श्रेणीच लावता येईल. ‘ठीकेय’ म्हणजे खरंच ठीक. ‘ठीक आहे’ म्हणजे पाहू. ‘ठीक.’ म्हणजे काहीच ठीक नाही. ‘बरं बरं’मध्ये माया आहे, ‘बरं.’मध्ये दार लावल्याचा आवाज.

लिपीचीही एक भानगड. एसएमएसमध्ये १४० बाइटची जागा असायची. रोमन अक्षर सात बिटांत मावायचं म्हणून १६० अक्षरं बसत. देवनागरीचं एक जरी अक्षर आलं की अख्खा मेसेज सोळा बिटांवर जाई आणि मर्यादा ७० वर येई. त्यात ‘क्ष’ एकटा तीन जागा खाणार. मग मराठी रोमनमध्ये लिहिण्याची सवय पडली, आणि मर्यादा गेली तरी सवय राहिली. रोमनमधला ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ एकसारखा दिसतो. निवडणुकीच्या रात्री ‘कल कुणाकडे?’ असं कुणी विचारलं तर उत्तर कशाचं द्यायचं? वेगवेगळ्या देशांत बसलेल्या मित्रांमध्ये ‘उद्या’ कुणाचा हाही प्रश्न असतोच. ‘परवा’ तर आपल्या भाषेत मागेही आहे आणि पुढेही. क्रियापदाशिवाय ‘परवा?’ असं एकटं आलं की तारीख, वेळ आणि कुठल्या घड्याळाची वेळ हे तिन्ही लिहून मागावं. ‘रात्री १२’ लिहू नये, ते दोन तारखांच्या मधोमध लटकतं. ‘११:५५’ लिहावं.

व्हॉइस मेसेजबद्दल दोनच शब्द. सांत्वनाला, विनोदाला, रुसवा काढायला उत्तम. बातमी सांगायला अजिबात नको. तीन मिनिटांतला कामाचा एक आकडा शोधायला तीन मिनिटं ऐकावंच लागतं, फार तर दुप्पट वेगाने, आणि नंतर तो शोधूनही सापडत नाही.

राहता राहिला निरोप. फोनवर बोलणं कुणी एकदम तोडत नाही. आधी ‘बरं, मग…’ येतं, मग ‘चल तर’, मग ‘ठेवतो’, आणि दोघांनी एकेक पायरी उतरल्यावर फोन ठेवला जातो. चॅटला असा जिना नाही. बोलणं संपत नाही, नुसतं थांबतं, आणि शेवटचा मेसेज ज्याचा त्याला वाटत राहतं की आपल्यालाच उत्तर मिळालं नाही. म्हणून काही जण रीतसर सांगतात, ‘चला, झोपतो.’ सगळे ‘शुभ रात्री’ म्हणतात. दोन मिनिटांनी त्यांच्याच नावाने एक दुवा येतो, खाली अक्षर नाही. पहिल्या खुणा निळ्या होतात, कुणाचं तरी ‘टायपिंग…’ उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. आणि मग येतो तो ‘हं’.