गिटमधला ऑफिसचा ईमेल काही केल्या जाईना: माझा अनुभव

एका ओपन सोर्स प्रोजेक्टला छोटा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरून पाठवायचा होता. रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचा साठा, क्लोन केली, 'गिट कॉन्फिग युजर.ईमेल' देऊन तिथे घरचा ईमेल सेट केला, कमिट केलं, म्हणजे बदलाची नोंद केली. 'गिट लॉग' पाहिला तर ऑफिसचाच पत्ता! नशीब, पुश करून बाहेर पाठवलं नव्हतं. लेखकाचा पत्ता कमिटच्या हॅशमध्येच, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकातच, गुंतलेला असतो. तो नंतर बदलायचा म्हणजे पुढचे सगळे हॅश बदलणार.

संशय गेला होम डिरेक्टरीतल्या .गिटकॉन्फिगवर, म्हणजे युजरच्या सेटिंगच्या फाइलवर. ऑफिसचा पत्ता तिथे होताच. पण गिट आधी सिस्टीमची फाइल वाचतं, मग युजरची, मग रिपॉझिटरीतली, आणि शेवटी वाचलेली व्हॅल्यू धरतं. म्हणजे माझीच सेटिंग टिकायला हवी होती. '--शो-स्कोप --शो-ओरिजिन' लावून विचारलं, तर उत्तरही तेच आलं: लोकल, घरचा ईमेल.

मग जुनं कमिट रिसेट केलं आणि 'गिट -सी युजर.ईमेल=…' असं थेट कमांडवरच देऊन नवं केलं. कमांड लाइनच्या वर कोणी नाही, हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. तरी ऑफिसचाच पत्ता. इथे मात्र मी खरंच हबकलो.

शेवटी टर्मिनलमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दाखवणारी 'एन्व्ह' कमांड चालवून 'गिट'ने सुरू होणाऱ्या ओळी शोधल्या. गिट_ऑथर_ईमेल आणि गिट_कमिटर_ईमेल, दोन्ही हजर! मशीन लावून देताना चालवलेल्या एका स्क्रिप्टने .बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना आपोआप चालणारी फाइल) हे एक्सपोर्ट टाकून ठेवले होते.

तेव्हा उलगडा झाला. '-सी'ने दिलेली व्हॅल्यू ही शेवटी कॉन्फिगच. फाइलींच्या नंतर वाचली जाते इतकंच. आणि कमिट कोणाच्या नावावर हे ठरवताना गिट कॉन्फिगच्या आधी हे व्हेरिएबल बघतं. ते असलं की युजर.ईमेल कुठूनही द्या, उपयोग नाही. 'कमिट'चा '--ऑथर' हा पर्याय व्हेरिएबलवरही मात करतो, पण फक्त लेखकापुरता. कमिटरचा, म्हणजे नोंद करणाऱ्याचा, पत्ता जुनाच राहतो, आणि साध्या लॉगमध्ये तो दिसतही नाही; '--प्रेटी=फुलर' लावावं लागतं. माझ्या मते ही जागा सगळ्यात फसवी आहे.

.बॅशआरसीतल्या ओळी काढल्या, उघड्या टर्मिनलमध्ये 'अनसेट' केलं. शेवटचं कमिट सुधारणाऱ्या नुसत्या 'अमेंड'ने जुना लेखक तसाच राहतो, म्हणून '--रीसेट-ऑथर' जोडलं.

घरच्या कामाच्या फोल्डरसाठी आता .गिटकॉन्फिगमध्ये 'इन्क्लूडइफ' (ठरावीक फोल्डरपुरती वेगळी कॉन्फिग फाइल जोडणारी ओळ) वापरतो, गिट २.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून ही सोय आहे. ते युजर विभागाच्या खाली लिहायचं, नाहीतर खालचा पत्ता पुन्हा त्यावर चढतो. आणि नव्या रिपॉझिटरीत पहिल्या कमिटआधी 'गिट व्हार गिट_ऑथर_आयडेंट' चालवतो. कॉन्फिग, व्हेरिएबल सगळं धरून कमिटवर लेखक म्हणून जे नाव-पत्ता पडणार, तेच ते छापतं.