लामा कॅम्पवरचा स्पीकर

अरुणाचलमधल्या ईगलनेस्ट अभयारण्याच्या गैरसोयींबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. भालुकपाँगनंतरच्या वळणांनी पोट ढवळलं, लामा कॅम्पच्या तंबूत रात्रभर दात वाजले, अंघोळीचं तर नावच नको. पण भात-डाळ आणि राईची भाजी इतकी आग्रहाने वाढतात की सगळं माफ. तक्रार आहे ती शेजारच्या तंबूतल्या मंडळींबद्दल. दुर्दैवाने आपल्याच पुण्या-मुंबईकडची!

सगळे आलो होतो बुगुन लिओसिक्ला हा दुर्मीळ पक्षी बघायला. सकाळी उतारावरच्या झुडपांत जोडी आली. आधी नुसती पानं हलली, मग काळी टोपी दिसली, डोळ्यापुढचा पिवळाधमक ठिपका दिसला. करड्या-हिरवट अंगावर पंखात पिवळा, लाल, पांढरा असे तिन्ही रंग. फांदी बदलताना शेपटीखालचा लालभडक रंग चमकला आणि गायब.

तेवढ्यात मागून त्याच पक्ष्याचा आवाज आला. ब्लूटूथ स्पीकर! एप्रिल म्हणजे विणीचा हंगाम. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून बिचारा घरटं सोडून भांडायला येणार, आणि यांना फोटो मिळणार. आमच्याबरोबरचा सिंगचुंग गावचा, बुगुन जमातीचा पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, बंद कीजिए." त्यावर स्पीकरवाल्या गृहस्थांचं उत्तर काय, तर "अरे, इतनी दूर से पैसे देके आए हैं!"

रमणा अत्रेय हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत शिकवणारे. त्यांना हा पक्षी इथे पहिल्यांदा दिसला 1995 मध्ये. नवी जात म्हणून जाहीर केला थेट 2006 मध्ये. रीतीप्रमाणे एक मारून संग्रहालयात ठेवायचा असतो. पण इथे इतके थोडे पक्षी होते की त्यांनी जाळ्यात गळालेली पिसं, फोटो आणि आवाजाची नोंद एवढ्यावर भागवलं आणि पक्षी सोडून दिला. नाव दिलं बुगुन लोकांचं. त्या लोकांनीही 2017 मध्ये आपल्या मालकीचं सतरा चौरस किलोमीटर जंगल राखीव केलं, गावातलीच पोरं तिथे गस्त घालतात. आणि त्यांना आपण पैशाचा हिशेब ऐकवायचा?

पोराने वाद घातला नाही. स्पीकर बंद होईपर्यंत तो कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला, बस्स. जोडी केव्हाच दरीत उतरली होती.

रात्री जेवताना तेच गृहस्थ माझ्याकडे सरकले. "तुम्हाला शेपटीचा क्लिअर शॉट मिळाला का हो? पाठवाल?"

नाही म्हणालो. होता.