मागच्या वेळी चाललं होतं

१९८६ साली मी भोसरीत, रबरी सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला होतो. ओ-रिंगा, म्हणजे सांध्यातली गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्या, मोजायच्या, ड्युरोमीटर टेकवून कडकपणा बघायचा. अंतराळाचं वेड त्याच्या आधीपासूनचं. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझमधून वर गेले तेव्हा 'आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचे बरं का ते!' असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले, त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिकाही. पेपरातला तो धुराचा फोटो बघून मला जेवण गेलं नाही. पुढे कारण कळलं, तेव्हा तर मी उडालोच. ओ-रिंग! यानाला वर ढकलणाऱ्या उजव्या रॉकेटच्या, म्हणजे बूस्टरच्या, खालच्या सांध्यातली, व्यास सुमारे बारा फूट आणि जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. त्या सकाळी फ्लोरिडात पारा २ अंशांच्या आसपास होता. गारठलेलं रबर चटकन मूळ आकारात येऊन फट भरू शकलं नाही आणि तापलेला वायू बाहेर घुसला. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. मग काय, आम्हीही समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला. क्लॅम्प सोडल्यावर आमच्या काही रिंगा लगेच पूर्ववत झाल्या, काही तशाच चेपलेल्या पडून राहिल्या. शेठ ओरडले, पण ते टेबल ओलं झालं म्हणून.

बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आदल्या रात्री 'एवढ्या थंडीत उडवू नका' म्हणून सांगितलं होतं. आधीच्या काही उड्डाणांत रिंगा जळल्याच्या खुणा मिळाल्या होत्या. पण यानं सुखरूप परत येत होती ना! माप जरा बाहेर गेलेला लॉट मी अडवला की आमचा डिस्पॅचवालाही हेच म्हणायचा, "चालतंय हो, मागच्या वेळी चाललं होतं."

१ फेब्रुवारी २००३, शनिवारची संध्याकाळ. चॅलेंजरसारखंच दुसरं यान, कोलंबिया, उतरायला सोळा मिनिटं उरली असताना कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. टीव्हीवर ते पांढरे पट्टे दिसत होते. "कर्नालची पोर गेली हो," म्हणत बायकोने गॅस बंद केला. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोम सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता, हे नंतर वाचलं. फोम आधीच्या उड्डाणांतही पडायचाच. म्हणजे पुन्हा तेच वाक्य! चॅलेंजरच्या वेळी वाईट वाटलं होतं, या वेळी नुसता संताप झाला.

म्हणूनच चांद्रयान-३ चं कौतुक मला इतरांपेक्षा जरा वेगळ्या कारणासाठी. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा चंद्रावर उतरणारा भाग, विक्रम, कोसळल्यावर इस्रोने काय काय बिघडू शकतं तिथूनच नवा आराखडा मांडायला घेतला. उतरायची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची होती, ती ४ गुणिले २.४ किलोमीटर केली. पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, सेकंदाला तीन मीटर वेगाने आपटलं तरी टिकेल असं केलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये नुसता जल्लोष. मी शेजारच्या पोराला त्या पायांविषयी सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "काका, आधी पेढा घ्या."

घेतला. आणि मग पाय सांगितलेच.