लाल पाटी

सकाळी सातलाच काकांचा फोन. त्यांच्या मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट उघडली की लालभडक पान येतं, पुढे धोका आहे म्हणून. मी पोचेपर्यंत त्यांनी फेसबुकवर लिहूनही टाकलं होतं: जाहिराती घेत नाही म्हणून गूगलसारखी मोठी कंपनी असं पान लावून छोट्या व्यापाऱ्याचा गळा दाबतेय. पोस्ट भराभर शेअर होत होती.

साइट तपासली. वर्डप्रेस, म्हणजे साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, दोन वर्षं अपडेट नाही. विकत घ्यायचं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा जादा भाग, कुठूनतरी फुकटात उतरवलेलं. आणि अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, हळद-मिरचीच्या फोटोंच्या रांगेत, एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. तिथे तिचं कामच काय? मोबाइलवरून येणारं गिऱ्हाईक ती जुगाराच्या साइटवर पाठवत होती. काका बघायचे दुकानातल्या कॉम्प्युटरवर, त्यांना आजवर सगळं ठीकच दिसायचं.

२०१७ साली अमेरिकेत इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हाही बोट अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरकडे दाखवलं गेलं. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, कंपनीने ती लावलीच नव्हती. माहितीची चोरी सुरू झाली मे महिन्यात!

मोठ्या कंपन्या चुकतात तेव्हा त्यांना धारेवर धरलंच पाहिजे. पण ही लाल पाटी काकांच्याच गिऱ्हाइकांना वाचवत होती, आणि शिव्या तिलाच. मला याचं फार वाईट वाटतं. त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

साइट साफ केली, सगळे पासवर्ड बदलले, लाल पाटी काढण्यासाठी फेरतपासणीची विनंती पाठवली. काकांची पोस्ट अजून तशीच आहे. काढू नका, पण तिच्याखाली खरं काय झालं ते लिहा, एवढंच मागितलंय.