तलवार क्र. ३ : तिसऱ्या आठवड्यात शब्द लागला

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पात्यावर काहीतरी कोरलंय, पण धड वाचता येत नाही. परवा रात्री वाचता आलं.

आधी युक्ती सांगतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या या तलवारींवरची नक्षी छिन्नीची नसते, ऍसिडने उतरवलेली असते, त्यामुळे खोली जेमतेम. त्यात आधीच्या कुणीतरी पातं चकचकीत दिसावं म्हणून बफ मारून घेतलाय. (कृपा करून असं करू नका. गेलेली नक्षी परत येत नाही. मऊ सुती फडकं आणि हलकं तेल, बास.) बटर पेपर ठेवून पेन्सिल घासली तर नुसते राखाडी डाग. मग खोलीतले दिवे घालवले, बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि इंच-इंच सरकवत फोटो काढले. सावल्या पडल्या तशा रेघा दिसायला लागल्या.

मुठीजवळ षट्कोनी तारा आणि मधोमध पितळेची गोल टिकली. हा तारा बघून कुणी ज्यूंची खूण म्हणतं, कुणी आपल्याकडचं यंत्र. इथे तो त्यातला काहीच नाही. पातं वाकवून, आपटून कसोटीला उतरलं की कारागीर टिकली बसवायचे आणि तारा ही तिची चौकट. त्याच्या वर मुकुट, खाली गुंफलेली व्ही आणि आर ही अक्षरं, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. राणीचा काळ १८३७ ते १९०१. एवढ्यावर साल ठरत नाही.

खरी गंमत त्याच्या पुढे. मूठ तीन दांड्यांची, पातं किंचित वाकडं, म्हणून दोन आठवडे मी हिला हलक्या घोडदळाची १८२१ च्या नमुन्याची समजत होतो. नमुना तोच, पण पात्यावर निघाली तोफ! शेजारी पंख असलेली विजेची जुडी आणि फितीवर लॅटिन शब्द : उबीक्वे. म्हणजे सर्वत्र. ही रॉयल आर्टिलरीच्या, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याची. चौथ्या विल्यम राजाने १८३२ मध्ये हा शब्द तोफखान्याला दिला. लढाई कुठलीही असो, तोफा तिथे होत्याच, मग मानचिन्ह म्हणून एकेका लढाईचं नाव किती लिहिणार? त्याच साली लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सनाही हाच शब्द मिळाला, त्यामुळे नुसत्या शब्दावर निकाल देता येत नाही. तोफ आणि मूठ बघावी लागते. त्या काळी इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांची मूठ जाळीदार पितळी असायची.

मी नाशिकचा. देवळालीच्या तोफखान्याचे आवाज ऐकत वाढलो आणि ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’ हे भारतीय तोफखान्याचं ब्रीद लहानपणापासून ओळखीचं. खडकीचे बॉम्बे सॅपर्स भारतीय लष्कराच्या ज्या इंजिनिअर्स दलाचे, त्यांचं ब्रीद नुसतं ‘सर्वत्र’. ब्रिटिशांकडची जोडी भारतातही जशीच्या तशी! इथे लीड्समध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो शब्द लॅटिनमध्ये उमटताना बघून मी बराच वेळ बॅटरी तशीच धरून बसलो होतो.

आता राहिला आकडा. विल्किन्सन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीच्या तलवारीला पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, क्रमांक असतो आणि त्यांच्या वह्या टिकून असल्याने त्यावरून साल निघतं. माझ्या तलवारीवर पहिला २ स्वच्छ आहे, पुढे गंज. तेल मुरत ठेवलंय, रविवारी पुन्हा बॅटरी घेऊन बसतो.