पॅरट माशाचे तोंड आणि आपली हौस

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत शोभिवंत माशांच्या कोणत्याही दुकानात गेले, तरी दर्शनी टँकमध्ये ब्लड पॅरट हमखास दिसतो. गोलमटोल, नारिंगी, टपोऱ्या डोळ्यांचा आणि खाऊ घालणाऱ्या माणसाला थोड्याच दिवसांत ओळखू लागणारा हा मासा मुलांना फार आवडतो, आणि बहुतेक पालक तो एखाद्या परदेशी नदीतला असावा अशा समजुतीने घरी नेतात. जगातल्या कोणत्याही नदीत हा मासा नाही. १९८६ च्या सुमारास तैवानमध्ये सिक्लिड या माशांच्या मोठ्या कुळातील वेगवेगळ्या प्रजातींच्या संकरातून तो तयार झाला. त्याचे मायबाप कोण, हे तो तयार करणाऱ्यांनी कधी उघड केले नाही, पण मध्य अमेरिकेतील मायडास आणि रेडहेड या दोन सिक्लिडांकडे बहुतेक जाणकार बोट दाखवतात. अशा माशांची वीण हौस म्हणून करावी का, ते विकावेत का, विकत घ्यावेत का, यावर आम्हा मासे पाळणाऱ्यांत नेहमी वाद होतात, आणि ते बहुधा ‘शुद्ध’ आणि ‘भेसळ’ एवढ्या वाटणीवर येऊन अडतात. मला ती वाटणी पुरेशी वाटत नाही. जे शरीर आपण त्या माशाला दिले त्यात त्याला धड जगता येते का, आणि तो कोण आहे हे पुढे घेणाऱ्याला खरेखुरे कळते का, हे पाहिल्याशिवाय संकराला बरे किंवा वाईट म्हणता येत नाही.

पॅरट मासा जेवताना जवळून पाहावा. वर्तकनगरला माझ्या आतेभावाकडे अशी एक जोडी आहे आणि तो त्यांची निगा मनापासून राखतो. पाणी वेळेवर बदलतो, फिल्टर उत्तम आहे, खाणे चांगल्या प्रतीचे आहे. गोळी पाण्यात पडली की मासा तिच्याकडे झेपावतो, ती तोंडात घेतो आणि पुढच्याच क्षणी ती बाहेर निसटते. तो पुन्हा वळतो, पुन्हा घेतो, ती पुन्हा निसटते. या माशाचे तोंड म्हणजे एक उभी, अरुंद चीर आहे आणि ती पूर्ण मिटत नाही. इतर सिक्लिड जबडा पुढे काढून भक्ष्य ओढून घेतात, तसे याला नीट करता येत नाही. सगळ्या सिक्लिडांना घशात दातांचा आणखी एक संच असतो आणि त्याच दातांनी चुरून हा मासा आपले पोट भरतो. तो संच नसता तर ही जात बाजारापर्यंत पोचलीच नसती. कणा आखूड आणि वाकडा, वाताशयाची (तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीची) ठेवण बिघडलेली, त्यामुळे पोहणेही थोडे डगमगते. सिक्लिडांच्या भांडणात जबड्याला जबडा भिडवून जोर आजमावण्याची रीत आहे. तिथे या माशाजवळ हत्यारच नाही. मादी अंडी घालते, जोडी ती राखते, परांनी वारा घालून त्यांच्यावर पाणी खेळते ठेवते. पण नर बहुतेक वंध्य असतात. दोन दिवसांत अंडी पांढरी पडतात, त्यांवर बुरशीचा कापूस धरतो, तरी जोडी त्यांच्याजवळून हलत नाही.

यावर आतेभावाचे उत्तर ठरलेले असते. “दादा, दहा-दहा वर्षे जगतात हे मासे. दुःखात असते तर जगले असते का?” हा प्रश्न मी हलका मानत नाही, कारण पॅरट खरोखरच दीर्घायुषी आहे आणि त्याच्यावर जीव लावणारी माणसे खोटे बोलत नाहीत. परंतु दीर्घ आयुष्य हा पाळणाऱ्याच्या निगेचा पुरावा आहे. मिटणारे तोंड काढून घेऊन तयार केलेल्या प्राण्याला आपण नंतर मऊ, बुडणाऱ्या गोळ्या देऊन सांभाळतो, यात सांभाळणाऱ्याचा चांगुलपणा दिसतो. तयार करणाऱ्याचा निर्णय त्याने योग्य ठरत नाही. जे मासे घरात आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळावे, पण नव्यांची मागणी करू नये, असे माझे मत आहे. जांभळा किंवा निळा रंग चढवलेले पॅरट आणि शेपूट कापून ‘हृदयाच्या आकाराचे’ केलेले पॅरट यांवर तर चर्चेचीही गरज नाही. ती सरळ क्रूरता आहे.

संकर निसर्गाच्या विरुद्ध आहे, हा जो आक्षेप घेतला जातो, तो मात्र टिकत नाही. मेक्सिको आणि टेक्सासच्या पाण्यात अ‍ॅमेझॉन मॉली नावाचा मासा आहे. दोन मॉली प्रजातींच्या नैसर्गिक संकरातून तो जन्माला आला आणि त्याच्यात सगळ्या माद्याच असतात; जवळच्या प्रजातीच्या नराशी समागम झाला की अंडी वाढू लागतात, पण पिल्लांत सहसा बापाचे काही उतरत नाही. ही गोष्ट १९३२ मध्येच शास्त्रज्ञांनी नोंदवली. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात आणि आसपास सिक्लिडांच्या शेकडो प्रजाती थोड्या काळात निर्माण झाल्या, त्यामागेही दोन जुन्या वंशांचा प्राचीन संकर असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. तेव्हा मिश्रण हेच पाप, असे म्हणणाऱ्याला सृष्टीतल्या बऱ्याच वैविध्यावर काट मारावी लागेल.

फरक आहे तो निवडीचा. त्याच व्हिक्टोरिया सरोवरात माद्या नराच्या रंगावरून आपल्या जातीचा जोडीदार ओळखतात. सांडपाणी आणि शेतातली खते येऊन जिथे पाणी गढूळ झाले, तिथे रंग दिसेनासे झाले आणि वेगळ्या राहिलेल्या प्रजाती एकमेकींत मिसळू लागल्या, हे १९९७ मध्ये संशोधकांनी मांडले. घरच्या टँकमध्ये पाणी काचेसारखे स्वच्छ असते, पण मादीपुढे परक्या प्रजातीचा एकच नर असेल तर तिला निवड उरत नाही, आणि गढूळ पाण्यात जे घडते तेच इथे घडते. निसर्गातल्या संकरित पिल्लांना पुढे अन्न मिळवावे लागते, शत्रू चुकवावे लागतात, जोडीदार मिळवावा लागतो. ज्याला जमत नाही त्याची रेषा तिथेच संपते. टँकमध्ये ही परीक्षा आपण रद्द करतो आणि तिच्या जागी गिऱ्हाइकाची पसंती ठेवतो. म्हणूनच जबाबदारी आपल्याकडे येते.

ही जबाबदारी दिसायला साध्या माशांतही किती खोल जाते, याचे मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचे आहे. नवशिक्याच्या टँकमध्ये गप्पीच्या पाठोपाठ हेच मासे येतात आणि बाजारात मिळणाऱ्या यांतील बहुतेक वाणांत दोन्ही प्रजातींचे रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही संशोधकांच्या लक्षात आले की पाठीच्या परावर काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला, तर पिल्लांत ते काळे डाग मोठे होतात. आणि त्या पिल्लांची पुन्हा स्वोर्डटेलशी वीण केली, तर पुढच्या पिढीतील काही पिल्लांना त्वचेचा जीवघेणा कर्करोग होतो. कारण असे, की प्लॅटीच्या शरीरात कर्करोग घडवू शकणारे एक जनुक असते आणि त्याला आवर घालणारे दुसरे जनुकही असते. स्वोर्डटेलमध्ये ही दोन्ही नसतात. दुसऱ्या संकरात काही पिल्लांच्या वाट्याला पहिले जनुक येते आणि आवर घालणारे येत नाही. वैद्यकशास्त्राने या माशांकडून कर्करोगाविषयी पुष्कळ शिकून घेतले, आणि ते योग्यच झाले. पण एखाद्या दुकानात पाठीच्या पराच्या मुळाशी काळा, खडबडीत फुगवटा आलेला आणि पर झिजलेला स्वोर्डटेल दिसतो, तेव्हा मला दुकानदारावर राग येत नाही. त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते. ज्यांनी ठिपका मोठा आणि गडद व्हावा म्हणून तशाच माशांची पुन्हा पुन्हा वीण केली, त्यांनी तरी हे माहीत करून घ्यायला हवे होते.

आता नावाचा प्रश्न. कुर्ल्याच्या बाजारात आणि आपल्याकडेही ‘असॉर्टेड सिक्लिड’ या एका नावाखाली मलावी सरोवरातील माशांची रंगीत पिल्ले नगावर विकली जातात. त्यांतील किती कोणत्या जातीची आणि किती संकरित, हे विकणाराही सांगू शकत नाही. ‘ओबी पीकॉक’ हा डागाडागांचा मासा उघडपणे संकरित आहे. त्या नावाने घेतला, ठेवला, तर त्यात फसवणूक नाही आणि त्याच्या शरीरात व्यंगही नाही, म्हणून त्याच्या विरोधात माझ्याजवळ काही मुद्दा नाही. एंडलरचे तसे नाही. व्हेनेझुएलातील हा इवलासा मासा जॉन एंडलर यांनी १९७५ मध्ये गोळा केला, त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून शास्त्रीय नाव मिळाले २००५ मध्ये. गप्पीशी तो सहज जुळतो आणि पिल्लेही जननक्षम होतात. त्यामुळे ‘एंडलर’ म्हणून जे मासे हातोहात फिरतात, त्यांतील कित्येकांत गप्पीचा अंश असतो. मासा धडधाकट असतो, सुंदर असतो, पण खोट्या नावाने तो ज्याच्या घरी जातो त्याच्या खऱ्या एंडलरचा वंशही त्याच्याबरोबर संपतो.

नावाला एवढे महत्त्व कशाला, असे विचारणाऱ्यांना मी टकीला माशाची हकीकत सांगतो. मेक्सिकोतील तेउचित्लान नदीतला हा छोटा मासा निसर्गातून नाहीसा झाला. तो उरला काही प्राणिसंग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या टँकमध्ये. १९९८ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातून त्याच्या काही जोड्या मेक्सिकोतल्या विद्यापीठाकडे गेल्या, तिथे वर्षानुवर्षे त्यांची वीण झाली आणि अखेर तो मासा आपल्या नदीत परतला. वीण सांभाळणाऱ्यांपैकी कोणी जवळच्या दुसऱ्या माशाशी त्याचा संकर करून तीच पिल्ले त्याच नावाने पुढे दिली असती, तर नदीत सोडायला काही उरलेच नसते. व्हिक्टोरियातील जे सिक्लिड नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सरोवरात सोडल्यानंतर निसर्गातून नष्ट झाले, त्यांपैकीही काहींची रेषा आज अशाच काचेच्या टँकमध्ये टिकून आहे. घरातला टँक एवढे मोठे काम करू शकतो, हे कळल्यापासून मला ही हौस अधिक गंभीरपणे घ्यावीशी वाटते.

आणि हे सगळे दूरदेशीचेच आहे असे नाही. गोवा, कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्राच्या ओढ्यांत राहणारा सेटनाई बार्ब हा निळसर झाकेचा देखणा मासा छापगर आणि साने या संशोधकांनी १९९२ मध्ये शास्त्राला परिचित करून दिला. सह्याद्रीच्या प्रवाहांत असे कित्येक बार्ब आहेत, ज्यांचा वावर थोड्याच भागापुरता मर्यादित आहे. परदेशी सिक्लिडाला आपल्या ओढ्यात जोडीदार मिळणार नाही. आपल्याच दोन बार्बांचे मिश्र पिल्लू मात्र ओढ्यात गेले तर तिथल्या माशांत मिसळू शकते, आणि मिसळलेले पुन्हा निवडून काढता येत नाही. म्हणून देशी माशांच्या बाबतीत मी सर्वांत कडक आहे. त्यांचा संकर करूच नये. चुकून झालाच तर ती पिल्ले घरातच राहावीत.

फ्लॉवरहॉर्नची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. मलेशियात १९९० च्या दशकात सिक्लिडांच्या संकरातून हा मासा घडवला गेला. डोक्यावरचा उंचवटा आणि अंगावरच्या काळ्या खुणा यांवर त्याची किंमत ठरते, आणि घरात तो ठेवल्याने भरभराट होते या समजुतीमुळे आपल्याकडेही त्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले. धडधाकट फ्लॉवरहॉर्नला खायला-पोहायला अडचण नसते. माझी हरकत उरलेल्या पिल्लांविषयी आहे. एका विणीत शेकडो पिल्ले होतात आणि त्यांतील मोजक्याच पिल्लांना मनाजोगता उंचवटा येतो. बाकीची कुठे जातात? हा मासा फूटभर वाढतो, दुसऱ्या कोणालाही टँकमध्ये टिकू देत नाही, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र मोठा टँक लागतो. ज्याने वीण केली त्याच्याकडे तेवढी जागा नसते आणि ज्याने स्वस्तात घेतला त्याचीही वर्षभरात पंचाईत होते. मग कोणीतरी दयाबुद्धीने म्हणतो की मारण्यापेक्षा तळ्यात सोडू. इंडोनेशियातील मातानो या प्राचीन सरोवरात, जिथले मासे जगात अन्यत्र कुठे नाहीत, तिथे फ्लॉवरहॉर्न पसरला आहे आणि तिथल्या माशांवर संकट ओढवले आहे. आपल्याच देशात सकर मासा कितीतरी जलाशयांत बस्तान बसवून आहे. तोही कोणाच्या तरी टँकमधूनच बाहेर पडला. ठाण्यातील मासुंदा आणि उपवन तलावांच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोह अगदी दाराशी आहे. तलावात मासा सोडणे ही त्याची सुटका नव्हे, हे सोसायटीच्या मुलांनाही समजावून सांगितले पाहिजे.

मी स्वतः मलावी सरोवरातील पीकॉक सिक्लिडांची वीण करतो. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर आईबापांचे नाव आणि ते कुठून आणले हे लिहिलेले असते. ज्यांची खात्री नाही त्यांवर ‘संकरित, पुढे वीण करू नये’ असे लिहितो. यामुळे काही गिऱ्हाइके परत गेली आहेत, त्याचे मला वाईट वाटत नाही. दुकानदारांकडे माझे मागणे एवढेच आहे, की टँकवर दराची चिठ्ठी लावतात त्याच चिठ्ठीवर ‘संकरित’ हा शब्द लिहावा. घेणारा घेईल किंवा घेणार नाही, पण जाणून घेईल.

मग पॅरटऐवजी मुलांसाठी कोणता मासा आणावा, असे मला पुष्कळजण विचारतात. मी ऑरेंज क्रोमाइड सुचवतो. हा आपल्या दक्षिण भारताचा आणि श्रीलंकेचा सिक्लिड आहे, जेमतेम तीन इंच वाढतो, रंगाने पिवळा-नारिंगी असतो. खाडीच्या मचूळ पाण्यातला असल्यामुळे पाण्यात थोडे मीठ असलेले त्याला मानवते. नर आणि मादी दोघे मिळून पिल्ले राखतात, आणि पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. मुलांना दाखवण्यासारखे याहून चांगले दृश्य मी घरच्या टँकमध्ये पाहिलेले नाही. शंभर लिटरच्या टँकमध्ये एक जोडी आरामात राहते. दुकानात नसला तर मागणी नोंदवावी. दोन-चार जणांनी मागितला की दुकानदार तो आणतोच.